लेकीचं हिमोग्लोबिन ७.८, माझं ८.९. दोघींचंही रक्त कमी कसं?

रानजाई | ४ जानेवारी, रात्री १०.५०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझी मुलगी सोळा महिन्यांची आहे. दिवाळीपासून ती भिंतीचे पोपडे खाते. आमच्या मागच्या खोलीला ओल आहे, तिथला चुना सुटतो. आधी वाटलं, खेळता खेळता चाटते. पण आता जरा नजर चुकली की तोंडात पोपडा असतोच. अंगणात सोडली तर माती. सासूबाई म्हणाल्या, कॅल्शियम कमी असेल. डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ७.८ आलं. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, तुमचंही करून घ्या. माझं ८.९ निघालं.

आम्ही निफाडकडचे, द्राक्षाची बाग आहे. घरात दूध, भाजी, फळं कशाचीही वाण नाही. मुलगी दिवसाला पाच-सहा बाटल्या दूध पिते, तेही घरच्या गाईचं. दोन्ही बाळंतपणांत मला सरकारी दवाखान्यातून लोहाच्या लाल गोळ्या मिळाल्या, मी बऱ्यापैकी घेतल्याही. थोरला मुलगा तीन वर्षांचा आहे, दोघांत वीस महिन्यांचं अंतर. मी चोवीस वर्षांची.

यंदा बागेत विरळणीला गेले तर तासाभरात छाती धडधडायची. जिना चढले की डोळ्यांपुढे अंधारी. बाळंतपणाचा शीण असेल म्हणून कुणाला बोलले नाही. दोघींना औषध सुरू झालं आहे, पण मला कारण समजून घ्यायचं आहे. खाऊनपिऊन सुखी घरात दोघींचं रक्त कमी कसं होतं? कुठे चुकलं?

चुलवण | ४ जानेवारी, रात्री ११.२०

रानजाई, आधी एक सांगते, स्वतःला दोष देऊ नका. थोडी माहिती द्याल का? बाळाला वरचं खाणं कधी सुरू केलं आणि काय दिलं? गाईचं दूध कितव्या महिन्यापासून? लाल गोळी तुम्ही दिवसातून कधी घ्यायचात? आणि चहा किती वेळा होतो?

रानजाई | ५ जानेवारी, सकाळी ६.१५

वरचं खाणं सातव्या महिन्यात सुरू केलं. वरणाचं पाणी, भाताची पेज, कधी बिस्किट दुधात कुस्करून. घट्ट दिलं की थुंकायची, म्हणून पातळच देत राहिलो. गाईचं दूध आठव्या महिन्यापासून, कारण माझं दूध पुरत नाही असं सगळे म्हणायचे. आता जेवायला बसवली की तोंड फिरवते, बाटली दिली की गप्प होते.

गोळी सकाळी चहाबरोबर घ्यायचे, म्हणजे विसरायला नको. कॅल्शियमचीही तेव्हाच. चहा चार वेळा तरी होतो, बागेत माणसं असली की जास्त.

बालवैद्य | ५ जानेवारी, दुपारी २.४०

मी मुलांचा डॉक्टर आहे, तालुक्याच्या ठिकाणी अठरा वर्षं प्रॅक्टिस करतो. रानजाई, तुमच्या दुसऱ्या प्रतिसादात जवळजवळ सगळी उत्तरं आहेत. उपचार तुमचे डॉक्टर करत आहेत, त्यात मी हात घालत नाही. फक्त हे कसं घडतं ते सांगतो.

मूल जन्माला येताना आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येतं. ही शिदोरी मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत बांधली जाते. म्हणून अपुऱ्या दिवसांचं, किंवा जन्मतः वजन कमी असलेलं बाळ अर्धी शिदोरी घेऊनच येतं. पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाला ती साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह फार थोडं, पण जे असतं ते बाळाच्या अंगी छान लागतं. सहाव्या महिन्यानंतर मात्र शिदोरी संपत आलेली असते आणि बाळ झपाट्याने वाढत असतं. त्या वेळी लोह ताटातून यायला हवं. वरणाच्या पाण्यात ते नसतं, ते डाळीत खाली राहतं. पेजेचंही तेच.

आता गाईचं दूध. त्यात लोह नगण्य, आणि असतं तेही नीट शोषलं जात नाही. त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं बाकीच्या अन्नातलं लोहही अडवतात. वर्षाच्या आतल्या बाळांत या दुधाने आतड्याला सूक्ष्म इजा होऊन डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होऊ शकतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पोट दुधाने भरलेलं असलं की मूल जेवत नाही. पाच-सहा बाटल्या म्हणजे लिटरभर दूध सहज होतं. या वयाला दिवसाला अर्धा लिटर पुष्कळ झालं, तेही वाटीने किंवा पेल्याने. माझ्याकडे येणाऱ्या रक्त कमी असलेल्या मुलांत अशी गुटगुटीत, पांढुरकी, 'दुधावरची' मुलं खूप असतात. गाल भरलेले असतात म्हणून घरात कुणाला संशय येत नाही.

पोपडे आणि माती खाणं हे कॅल्शियम कमी असल्याचं लक्षण आहे असं सगळीकडे समजतात. बहुतेक वेळा ते लोह कमी असल्याचं असतं. औषध सुरू झालं की ही सवय बऱ्याच मुलांची आपोआप सुटते. तोवर ती भिंत खरवडून घ्या किंवा पलंग लावून झाका. भिंतीला जुना ऑइलपेंट असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, त्यात शिसं असू शकतं आणि शिशानेही रक्त कमी होतं.

औषधाने शी काळी होईल, घाबरू नका. चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा. हिमोग्लोबिनमध्ये साधारण एक ग्रॅम किंवा जास्त वाढ दिसली तर निदान बरोबर. आकडा चांगला आला म्हणून औषध लगेच बंद करू नका, साठा भरायला पुढे दोन-तीन महिने लागतात. आणि वाढ दिसलीच नाही तर कारण दुसरं आहे, मग पुढच्या तपासण्या.

वडाची_पारंबी | ५ जानेवारी, दुपारी ३.०५

बापरे, आमच्याकडे अगदी हेच चाललंय. भाचा दीड वर्षाचा, बाटली सुटत नाही. वहिनीला हा धागा पाठवला.

आकडेमोड | ५ जानेवारी, संध्याकाळी ७.३०

रानजाईंनी 'खाऊनपिऊन सुखी घरात' असं लिहिलं आहे, त्यावर थोडं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्क्यांना ॲनिमिया, म्हणजे रक्त कमी असणं, आढळला. आधीच्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, हाच आकडा ५३.८ होता. १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये तो ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर गेला. गरोदर बायकांमध्ये मात्र ४९.३ वरून ४५.७ वर उतरला. देशाचे आकडे मुलांमध्ये ६७.१ आणि बायकांमध्ये ५७ टक्के. म्हणजे हा एका घराचा किंवा एका आईचा दोष असूच शकत नाही.

एक सावधगिरी. या सर्वेक्षणात बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतलं होतं, त्यात एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये ॲनिमियाचं प्रमाण ४१ टक्के आलं. बोटातून घेताना दाबलं की ऊतींमधलं पाणी मिसळतं, हा आक्षेप जुना आहे. त्यामुळे ६९ टक्के म्हणजे ६९ टक्केच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ४१ धरले तरी पाचातली दोन मुलं झाली.

मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते दुसरे दोन आकडे. देशात सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी ११.३ टक्के. आणि गरोदरपणात १८० दिवस लोहाच्या गोळ्या घेतलेल्या आया २६ टक्के. गोळ्या हातात पडणं आणि पोटात जाणं यातलं अंतर या आकड्यात आहे.

पायवाट | ६ जानेवारी, रात्री ९.१०

मी निवृत्त नर्स आहे. एकतीस वर्षं नंदुरबार जिल्ह्यात उपकेंद्रांवर काम केलं, बरीचशी अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरात. आकडेमोड यांनी गोळ्यांबद्दल लिहिलं ते वाचून राहवलं नाही. नातवाकडून टाइप करून घेते आहे, शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

नोकरीची पहिली काही वर्षं मी बायांवर चिडायची. गोळ्या देऊन यायचं, पुढच्या महिन्यात विचारायचं, "घेतल्या का?" तर मान डोलवायच्या. एकदा एका पाड्यावर घरात धान्याची कणगी हलवली, तर मागून सात-आठ पाकिटं पडली. न फोडलेली. ती बाई इतकी शरमली की तिचा चेहरा मला आजही दिसतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा ओरडले नाही, बसले आणि विचारलं. ती म्हणाली, गोळी घेतली की मळमळतं, तोंडाला गंज लागल्यासारखं होतं, आणि शी काळी होते म्हणजे आतून काहीतरी जळतंय. सासू म्हणाली होती की गोळीने मूल पोटात फार वाढतं, मग अडतं, आणि दवाखाना बारा किलोमीटर खाली. शेजारीण म्हणाली होती, मूल काळं होतं.

यातली एकही गोष्ट वेडेपणाची नाही हो. दवाखाना बारा किलोमीटर खाली असेल तर मूल लहान असावं असं बाईला वाटणारच. त्यावर 'अज्ञान' असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. मी नंतर सांगण्याची रीत बदलली. गोळी रात्रीच्या जेवणानंतर तासाभराने घ्यायची, म्हणजे मळमळ झोपेत जाते. शी काळी होणार हे आधीच सांगायचं, म्हणजे गोळी चालली असं समजतं. आणि गोळीची जबाबदारी नवऱ्यावर टाकायची. "तुझ्या पोराची शिदोरी आहे, तू दे," असं सांगितलं की बरेचजण द्यायचे. डॉक्टरांनी वर शिदोरी शब्द वापरला, मीही तोच वापरायची, वाचून बरं वाटलं.

पण गोळीने सगळं भागत नाही, कारण बाईचं रक्त गरोदरपणात कमी झालेलं नसतंच. ती कमी रक्तानेच गरोदर राहते. तेरा-चौदाव्या वर्षी पाळी सुरू होते, दर महिन्याला रक्त जातं, ताटात मात्र शेवटची. आधी पुरुष, मग मुलं, मग सासू, आणि मग भांड्याच्या तळाशी असेल ते. सतराव्या-अठराव्या वर्षी लग्न, वर्षाच्या आत दिवस. एका गरोदरपणाला साधारण एक हजार मिलिग्रॅम लोह लागतं. ज्या पोरीचा साठाच रिकामा आहे तिने ते आणायचं कुठून? त्यावर दीड वर्षात दुसरं पोर. डॉक्टर लोक म्हणतात दोन बाळंतपणांत तीन वर्षं अंतर हवं, ते याचसाठी. रिकामी झालेली कोठी भरायला वेळ लागतो. रानजाई, बेटा, तुझं वीस महिन्यांचं अंतर वाचलं तेव्हाच मला कळलं.

आमच्याकडे आणखी बाबी होत्या. अनवाणी शेतात जायचं, शौचाला बाहेर, त्यातून अंकुशकृमी पायाच्या कातडीतून शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. म्हणून १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंताच्या गोळ्या असतात, चुकवू नका. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून, पाण्यातून. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून पुढे एकदा, डॉक्टरांच्या सल्ल्याने. मलेरिया होता, तो रक्तपेशीच फोडतो. आणि दिवाळीनंतर अर्धा पाडा गुजरातेत ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जायचा. गरोदर बाया पण. कार्ड घरी, गोळ्या घरी, अंगणवाडीतला चौरस आहार इथे आणि बाई तिथे. परत यायची ती होळीला, कडेवर पोर घेऊन, पांढरीफटक.

२०१५ पासून आदिवासी भागात अमृत आहार योजना आली. अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण, मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं. तिचं मला मोल वाटतं ते एवढ्यासाठी, की दिवसातलं एक जेवण तरी बाई बसून आणि सगळ्यांच्या आधी जेवायची.

एक धोक्याची सूचना देऊन थांबते. लाल गोळ्या मुलांना चॉकलेटसारख्या दिसतात. तीन वर्षांच्या पोराने आईच्या आठ-दहा गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेततं. उंचावर, डब्यात, कुलपात ठेव.

रानजाई | ६ जानेवारी, रात्री १०.०२

ताई, वाचून रडू आलं. मी पण सगळ्यात शेवटी जेवते. कुणी सांगितलं नाही तसं, पण तसंच होतं. गोळ्या लगेच कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या.

मेळघाटी | ७ जानेवारी, सकाळी ११.४५

पायवाट ताईंनी नंदुरबार म्हटलं म्हणून सांगतो, सिकलसेलचं विसरू नका, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार. नंदुरबार, मेळघाट, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया या पट्ट्यात तो भरपूर आहे, आणि फक्त आदिवासींमध्येच आहे असंही नाही. माझी बहीण लग्नानंतर चार वर्षं रक्तवाढीच्या गोळ्या खात होती. हिमोग्लोबिन ८ च्या वर जाईना. सांधे दुखायचे तर म्हणायचे वात आहे. दुसऱ्या गरोदरपणात एका तरुण डॉक्टरीणबाईने सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट केली, मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस. सिकलसेल निघाला. भाऊजी वाहक, म्हणजे त्यांना स्वतःला आजार नाही पण तो मुलांकडे जाऊ शकतो. त्यांचं पहिलं बाळ दहाव्या महिन्यात ताप आणि हातापायांना सूज येऊन गेलं होतं, तेव्हा कुणालाही हे सुचलं नव्हतं.

सिकलसेल असलेल्या माणसाला लोहाची कमतरताही असू शकते, नाही असं नाही. पण तपासल्याशिवाय वर्षानुवर्षं लोह देत राहणं चूक. २०२३ च्या जुलैपासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, तपासणी मोफत होते, रंगीत कार्ड मिळतं. लग्नाआधी दोघांनी कार्डं जुळवून पाहा, पत्रिका नंतर.

उल्हासनगरकर | ७ जानेवारी, दुपारी १.२०

मेळघाटी यांना अनुमोदन. आम्ही सिंधी, आमच्यात तीच गोष्ट थॅलेसेमियाची, तोही रक्ताचा आनुवंशिक आजार. मी स्वतः थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक आहे, हिमोग्लोबिन कायम १० च्या आसपास, त्याने मला काही त्रास नाही. लहानपणापासून प्रत्येकाने मला लोहाचं टॉनिक पाजलं. शेवटी एका पॅथॉलॉजिस्टनी साध्या सीबीसीवरून, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीवरून, ओळखलं. लाल पेशींची संख्या भरपूर पण प्रत्येक पेशी लहान, म्हणजे एमसीव्ही (पेशीचा सरासरी आकार) खूप कमी. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान असतात आणि सहसा संख्येनेही कमी. त्यांनी एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणारी तपासणी करायला लावली. माझे मिस्टर वाहक नाहीत, म्हणून मुलांची काळजी मिटली. दोघे वाहक असते तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मेजरची, म्हणजे आजाराच्या गंभीर रूपाची.

रानजाई, तुमच्या दोघींच्या रिपोर्टवर एमसीव्ही आणि आरबीसी (लाल पेशींची संख्या) काय आहे ते डॉक्टरांना विचारून घ्या.

गिरणगाव | ७ जानेवारी, रात्री ८.५५

थोडं विषयाला धरून, थोडं इतिहासाचं. लाल गोळीत लोहाबरोबर फोलिक ॲसिड असतं, त्या फोलिकची गोष्ट आमच्या परळ-लालबागशी जोडलेली आहे.

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र ॲनिमिया व्हायचा. रक्तपेशी लहान होण्याऐवजी मोठ्या व्हायच्या, आणि त्यात बायका दगावायच्या. तिने जंतूंचा संसर्ग शोधला, हाती काही लागलं नाही. मग ती बायकांच्या जेवणाकडे वळली. ज्यांचं जेवण सगळ्यात निकस, त्यांनाच हा आजार जास्त, हे तिला दिसलं. प्राण्यांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टच्या स्वस्तातल्या अर्काने बायका बऱ्या होतात हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अज्ञात घटकाला पुढे 'विल्स फॅक्टर' म्हणायचे. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला तेव्हा फोलिक ॲसिड हे नाव पडलं, लॅटिनमध्ये पान म्हणजे फोलियम.

माझी आजी गिरणीत साचा चालवायची. सहा बाळंतपणं, चार मुलं जगली. शेवटच्या दिवसापर्यंत खात्यात उभी होती असं आई सांगते. जगभरच्या गरोदर बायका आज जी गोळी घेतात तिच्यातला अर्धा शोध आजीसारख्या बायकांच्या रक्तातून लागला, आणि त्यांची नावं कुठेच नाहीत.

चुलवण | ८ जानेवारी, सकाळी ९.३०

गिरणगाव, किती छान लिहिलंत.

मी आहारतज्ज्ञ आहे, आता ताटाकडे येते. रक्त वाढायला बीट आणि गूळ, हे प्रत्येक घरात ऐकू येतं. बीट लाल असतं म्हणून ते रक्ताशी जोडलं गेलं, त्यात लोह मामुलीच. गुळात थोडं असतं, पण चमचाभर गुळातून किती मिळणार? आपल्याकडे खरी कामाची चीज म्हणजे अळीव. बाळंतिणीला अळिवाचे लाडू आणि खीर देण्याची आपली पद्धत सोन्यासारखी आहे. दुर्दैवाने ते लाडू सव्वा महिन्यात संपतात आणि मग वर्षभर कुणी अळिवाचं नाव काढत नाही. खीर दुधात केली की लोह शोषायला अडथळा येतो, म्हणून लाडू ओल्या नारळात करा किंवा भिजवलेले अळीव लिंबू पिळून घ्या. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शाकाहारी जेवणातलं लोह अंगी लागायला आंबट हवं. लिंबू, आवळा, पेरू, कैरी. उसळीवर लिंबू पिळलं की मोठा फरक पडतो. चहा-कॉफीतले घटक लोहाला धरून ठेवतात, म्हणून जेवणाच्या आणि गोळीच्या मागेपुढे तासभर तरी चहा नको. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीपासून किमान दोन तास दूर. रानजाई, तुम्ही तीन गोष्टी एकत्र घेत होतात, त्यामुळे गोळी पोटात जाऊनही फारशी अंगी लागली नसेल. बाजरी आपल्या भागातली, तिच्यात लोह गव्हा-तांदळापेक्षा चांगलं. 'धनशक्ती' नावाची जास्त लोहाची बाजरी महाराष्ट्रात २०१२ पासून आहे, बियाणं मिळालं तर बांधाला लावा. आमटी, टोमॅटोचं सार असं आंबट लोखंडी कढईत करा, कढईतलं थोडं लोह अन्नात उतरतं.

बाळासाठी घट्ट वरण-भात कुस्करून, वर तुपाचं बोट आणि लिंबाचे दोन थेंब. मऊ उसळ, बाजरीची घट्ट पेज, घरात चालत असेल तर अंडं, मासा, कलेजी. मांसाहारातलं लोह सगळ्यात सहज लागतं.

बी-१२ जीवनसत्त्व राहिलंच. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायकांचा जो दीर्घ अभ्यास चालला, त्यात निम्म्याहून जास्त आयांचं बी-१२ कमी होतं. शाकाहारी घरात, विशेषतः आई अंगावर पाजत असेल तर, हे तपासायलाच हवं. आईचं कमी तर दुधातलंही कमी. अशी बाळं मंदावतात, शिकलेलं विसरतात, हातापायांना कंप येतो.

बालवैद्य | ८ जानेवारी, दुपारी ३.१५

चुलवण यांनी बी-१२ काढलं ते फार बरं केलं. त्यात भर एकाच गोष्टीची, जी बाळाच्या पहिल्या तीन मिनिटांतली आहे. जन्मल्यावर नाळ लगेच न कापता तिचे ठोके थांबेपर्यंत, साधारण तीन मिनिटं, थांबलं तर वारेतलं बरंचसं रक्त बाळात उतरतं आणि पुढच्या कित्येक महिन्यांचं लोह त्यातून मिळतं. काही खर्च नाही. बाळ रडत नसेल, तातडीने श्वास द्यायचा असेल तर गोष्ट वेगळी. पण ज्यांच्या घरी बाळंतपण जवळ आलं आहे त्यांनी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. शिवाय अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर. बाटली घरी पडून राहते, ती वापरा. तुमच्या मुलीला सध्या उपचाराचा डोस चालू आहे, तो संपेपर्यंत हे वेगळं देऊ नका.

आणि आईला का जपायचं, तर बाळंतपणात रक्तस्राव झाला तर १२ हिमोग्लोबिनवाली बाई तो सोसते. ७ वालीला तेवढाच रक्तस्राव सोसत नाही. आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

पायवाट | ८ जानेवारी, रात्री ८.४०

खरं आहे. मी त्या बायांची नावं विसरले नाही.

रानजाई, घरात आणखी कोण कोण आहे ग? थोरल्याचं तपासलंस का? आणि घरात कुणी वयात आलेली मुलगी?

रानजाई | ११ जानेवारी, रात्री ९.५५

थोरल्याचं १०.६, म्हणजे तेही जरा कमीच. त्यालाही औषध दिलं. बाटली एकदम बंद केली नाही, दिवसाला एक कमी करतोय. सासूबाई पहिले दोन दिवस रागावल्या, पोरीला उपाशी मारतेस म्हणाल्या. मग मी बालवैद्य सरांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. 'दुधावरची मुलं' ऐकून गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच पोरीला मांडीवर घेऊन घट्ट वरणभात भरवला.

ताई, नणंद आहे, एकोणीस वर्षांची. लग्नाची बोलणी चालू आहेत. उद्या तिला घेऊन जाते.

रानजाई | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.२०

उशीर झाला, माफ करा. द्राक्षं काढणीला आली आहेत.

लेकीचं ७.८ वरून ९.५ झालं. दोन आठवड्यांतच पोपडे खाणं थांबलं, आम्ही भिंत खरवडून घेतली होती, पण मातीकडेही आता बघत नाही. जेवायला मागते. दूध दोन पेल्यांवर आलं. माझं १०.१. एमसीव्ही दोघींची कमी होती, पेशींची संख्याही कमी, म्हणून डॉक्टर म्हणाले थॅलेसेमियासारखं वाटत नाही, लोहच आहे. माझं बी-१२ पण कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत.

नणंदेचं ८.७ आलं. पाळी आठ-आठ दिवस चालायची, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवलं, उपचार सुरू आहेत. लग्न वैशाखात होतं, ते मिस्टरांनी मुलाकडच्यांशी बोलून दिवाळीनंतरवर नेलं. मुलाची आई म्हणाली, आमच्या पोरीचंही तपासून घेते.

रात्री जेवणं झाल्यावर तासाभराने मी आणि नणंद ओट्यापाशी उभ्या राहून लिंबूपाण्याबरोबर गोळी घेतो. जेवायलाही आता सगळ्यांच्या बरोबरच बसतो. उद्या १० तारीख आहे, दोन्ही पोरांना जंताच्या गोळीसाठी अंगणवाडीत न्यायचं आहे. धाकटीला अर्धी, बरोबर ना ताई?

पायवाट | ९ फेब्रुवारी, रात्री ९.००

अर्धी. चुरून, चमचाभर पाण्यात, आणि गिळेपर्यंत समोर बस.